पहिला पेला

लायबेरियाच्या राजधानीतल्या त्या गल्लीत युद्धानंतर पहिल्यांदाच नळाला पाणी आलं, तेव्हा बायका बादल्या टाकून एकमेकींच्या गळ्यात पडल्या. पाइपलाइन टाकणारा मिरजेचा इंजिनिअर मुकुंद शिरगावकर भिंतीला टेकून बघत राहिला. त्यानं घरी फोन लावला. बायको म्हणाली, “पाहुणे आलेत, मग बोलू.”

एका म्हातारीनं पहिला पेला त्याच्यापुढे धरला. तो घुटमळला. आठ महिने तो कंपनीच्या कुंपणाआड राहून बाटलीतलंच पाणी पीत होता. म्हातारी म्हणाली, “आम्हाला देतोस, आणि स्वतः पीत नाहीस?”

ओशाळून त्यानं पेला रिकामा केला.

“आज जेवायला कुणाकडे जाणार, बाळा?” तिनं विचारलं.

इथं आल्यापासून हे त्याला कुणी विचारलं नव्हतं. “कुणाकडेच नाही,” तो म्हणाला आणि रिकामा पेला त्यानं पुन्हा तिच्यापुढे धरला.