शिळेवरची नावं

परळच्या गिरणीतला इंग्रज साहेब कायमचा मायदेशी निघाला, तेव्हा जॉबर भिकाजी पेडणेकरांना आपल्या खेड्याचा फोटो देऊन गेला. फोटोत दगडी चर्च होतं, आणि त्यासमोर लढाईत कामी आलेल्या गावकऱ्यांची नावं कोरलेली शिळा.

भिकाजींना इंग्रजी येत नसे. मॅट्रिकला असलेल्या लेकीकडून, इंदूकडून, ते दर रविवारी ती अठरा नावं वाचून घेत. "कुणाची तरी पोरंच ती," म्हणत.

छप्पन सालच्या जानेवारीत इंदूचा भाऊ दत्ताराम संयुक्त महाराष्ट्राच्या मोर्च्याला गेला. दुपारी लालबागच्या बाजूने गोळीबाराचे आवाज येऊ लागले. भिकाजींना बसवेना. त्यांनी भिंतीवरचा फोटो काढून लेकीपुढे धरला.

"वाच गो बाय."

इंदू वाचत गेली. अठराव्या नावाखाली आज आणखी एक ओळ होती. अक्षरांचं वळण तेच, पण कोरीवकाम ताजं, पांढरं. दत्ताराम भिकाजी पेडणेकर.

तिने फोटो पटकन पालथा घातला. "झालं, बाबा."

भिकाजींनी तो सुलटा केला. एकेका ओळीवर बोट ठेवत ते खालपर्यंत आले आणि थांबले.

"ही राहिली," ते म्हणाले. "वाच."