तीन आकडे

दार उघडून गिरीश ‘अरे, तू?’ म्हणतोय तोवर चंद्रहासचा ठोसा त्याच्या नाकावर बसला. दुसऱ्या ठोशाने तो किचनच्या ओट्यावर आदळला. आयर्लंडमधल्या लॉकडाउनची पाच किलोमीटरची हद्द मोडून, रविवारी सकाळी ऐंशी किलोमीटरवरच्या डंडॉकहून ब्लँचर्डस्टाउनला हा जुना मित्र फक्त मारायला आला होता.

“तीन आकडे कितीला विकलेस?”

“विकले नाहीत रे. शप्पथ.”

तीन आकडे म्हणजे तीन तापमानं. इंजेक्शनच्या सुईवर लेप चढवताना कोणत्या टप्प्याला किती उष्णता द्यायची, हे शोधण्यात चंद्रहासची आठ वर्षं गेली होती. त्यावर त्याचा कारखाना उभा होता, चाळीस माणसांची घरं चालत होती. नोव्हेंबरात गिरीश तिथली नोकरी सोडून स्वोर्ड्स गावातल्या एका कंपनीत गेला आणि जानेवारीत त्या कंपनीच्या सुयाही तशाच गुळगुळीत निघाल्या. चंद्रहासने कंपनीवर आणि गिरीशवर दावा ठोकला. येत्या मंगळवारी हायकोर्टात सुनावणी होती. झाकली मूठ सव्वा लाखाची, हे आयर्लंडचा कायदाही मानतो. फक्त मूठ तुम्ही स्वतः झाकून ठेवली होती, हे आधी सिद्ध करावं लागतं.

चंद्रहासने गिरीशचा उजवा हात ड्रॉवरमध्ये कोंबला आणि कंबरेचा जोर लावून ड्रॉवर बंद केला. बोटं मोडल्याचा आवाज झाला. गिरीश गुरासारखा ओरडला.

“ओरड! चोराच्या उलट्या बोंबा!”

त्या ओरडण्याने गिरीशची बायको निशिगंधा जागी झाली. हॉस्पिटलची रात्रपाळी करून ती तासाभरापूर्वीच झोपली होती. धावत खाली येऊन ती मध्ये पडली, तर चंद्रहासने तिलाही फ्रिजवर ढकललं. गिरीशने चहासाठी नुकतंच पाणी उकळलेली किटली तिने उचलली.

“एक पाऊल पुढे टाकलंत तर तोंडावर ओतीन.”

ती डॉक्टर होती. उकळत्या पाण्याने चेहऱ्याचं काय होतं, ते तिला नेमकं माहीत होतं. ते तिच्या डोळ्यांत दिसलं असावं, कारण चंद्रहास थांबला.

दुसऱ्या हाताने तिने फोनवर काहीतरी शोधलं.

“निशी, नको,” गिरीश कण्हत म्हणाला.

“का नको? याच्यासाठी आठवडाभर गप्प बसलास. बक्षीस बघ काय मिळालं!”

तिने फोन ओट्यावरून चंद्रहासकडे सरकवला. मराठी मंडळाचं फेसबुक पान होतं. ऑगस्टमधल्या ऑनलाइन आरतीचा फोटो, चोवीस चौकटी, चोवीस घरं. दुसऱ्या ओळीत चंद्रहासचं घर. उजेड चांगला येतो म्हणून त्याने ज्या खोलीतून ऑफिसचं काम चालायचं, तिथेच गणपती बसवला होता. मखर छान होतं. मखराच्या मागे पांढरा फळा होता, वर झेंडूची माळ सोडलेली.

“मोठा करून बघा,” निशिगंधा म्हणाली.

त्याने फोटो मोठा केला. माळेच्या खाली त्याच्याच अक्षरात तीन टप्पे आणि त्यांच्यापुढे तीन तापमानं होती. आरती म्हणताना त्याचे डोळे मिटलेले होते.

“काखेत कळसा नि गावाला वळसा. सहा महिने कुणालाही दिसतंय हे. आम्हाला गेल्या आठवड्यात सापडलं. कोर्टात दाखवलं तर गिरीश त्याच दिवशी सुटेल. पण हा म्हणाला, नको, चंद्रहासचा सगळा दावाच बुडेल.”

चंद्रहास फोन हातात धरून जमिनीवर बसला. या माणसाची कीव करावी की त्याला लाथ घालावी, असा प्रश्न पडावा, असा तो बसला होता. गिरीशची बोटं सुजून काळीनिळी पडली होती.

“डिलीट करा ना,” चंद्रहास पुटपुटला.

निशिगंधाने फोन हिसकावून घेतला आणि आणीबाणीचा ९९९ नंबर लावला. नाव सांगितलं, पत्ता सांगितला, नवऱ्याची तीन बोटं मोडलीत म्हणून सांगितलं. गार्डा, म्हणजे इथले पोलीस, निघालेत, पलीकडची बाई म्हणाली. मग तिने विचारलं, भांडण कशावरून झालं?

निशिगंधाने चंद्रहासकडे पाहिलं. त्याने रक्ताने बरबटलेले हात जोडले.

“मी मारलं म्हणून सांगा, वहिनी. सगळं कबूल करतो. फक्त कशासाठी मारलं, ते सांगू नका. त्यातून फोटो बाहेर येईल.”