शोधपेटीतले झुरळ

फोनवर 'सोइला बेकरी' एवढे लिहिले, की शोधयंत्र पुढचा शब्द आपणहून सुचवू लागले: 'झुरळ'. मृतात्म्यांचा सण चार दिवसांवर होता. बाळाच्या आकाराचे गोड पाव क्वेंका शहरात त्याच आठवड्यात खपतात, त्यामुळे बेकरीच्या मालकीण सोइलाबाईंच्या तोंडचे पाणी पळाले.

"एवढ्या मोठ्या कंपनीचं मी काय घोडं मारलंय गं?" त्यांनी सुनेला विचारले.

"कंपनीला तुम्ही ठाऊकसुद्धा नाही, आई," संख्याशास्त्र शिकवणारी सून म्हणाली. "जे पुष्कळदा शोधलं जातं, तेच ते यंत्र सुचवतं."

पुष्कळदा शोधणारा कोण असेल, हे सोइलांना कुणी सांगण्याची गरज नव्हती. पिठाच्या हातांनीच त्या समोरच्या आब्दोनच्या बेकरीत शिरल्या. आत एकही गिऱ्हाईक नव्हते.

"खरं सांगा, शेजारी. दिवसभर तेच टाइप करत बसता ना?"

आब्दोनने मान खाली घातली. "बसायचो खरा, शेजारीणबाई. पण झुरळ बघायला का होईना, तुमच्या दारात माणसं येतात."

त्याने आपल्या रिकाम्या दुकानाकडे हात केला.

"म्हणून आठवडाभर मी माझ्याच बेकरीच्या नावापुढे 'उंदीर' लिहितोय, पण ती कंपनी ढुंकूनही बघत नाही."