कांडीवरचा नंबर

"तपासणी जुळत नाही, बाई. या कालवडीचा बाप कागदावरचा वळू नाही," नोंदणी अधिकारी म्हणाले. "गाय गावातल्या वळूकडं नेली होती का?"

शेवंताबाईंनी कालवडीच्या पाठीवरचा हात काढला नाही. "देवाशपथ नाही, साहेब. डॉक्टर स्वतः घरी आले होते."

अंगणात जमलेले शेजारी एकमेकांकडं बघून हसले. कृत्रिम रेतन करणारे माणिक सोळुंके भिंतीपाशी उभे होते. गाव त्यांनाच डॉक्टर म्हणायचं. गेल्या वर्षी इथं आले त्या दिवशी त्यांनी बारा घरं केली होती. रेताच्या कांडीवरचा वळूचा नंबर गोठ्यातच लिहायचा, असा नियम. त्यांनी बाराही नंबर संध्याकाळी आठवून लिहिले होते. हे बोललं तर बाराही वासरांची नोंदणी जाणार, कदाचित त्यांचं कामही.

"चूक माझी आहे," ते म्हणाले. "बाईंनी गाय कुठंही नेलेली नाही. नंबर मी अंदाजानं लिहिले."

अधिकाऱ्यांनी त्या दिवसाच्या सगळ्या नोंदींवर लाल रेघ ओढली. हसू थांबलं. शेजाऱ्यांपैकी दोघांची वासरं त्याच यादीत होती. एकजण जमिनीवर थुंकून निघून गेला.

माणिकराव मान खाली घालून गाडीकडं निघाले. शेवंताबाई मागोमाग आल्या. कालवड बिननोंदीचीच राहणार होती आणि त्यांच्या आवाजात राग होताच.

"गाय परत माजावर आली की तुम्हालाच बोलावीन, डॉक्टर," त्या म्हणाल्या. "पण नंबर मी लिहिणार."