बाबांची लाल गाडी

"कुणाला विचारून गाडीला हात लावलास?" थोरला गॅरेजच्या दारातूनच ओरडला.

मेस्त्रीनं हातातला पॉलिश पेपर खाली ठेवला. समोर बाबांची जुनी स्पोर्ट्स कार उभी होती, अर्धी सोललेली. हेडलाइट काढलेले, बंपर भिंतीला टेकवलेला, दारांवरचा लाल रंग घासून घासून उतरवलेला.

थोरल्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. आणि का जाऊ नये? बाबांनी ह्या गाडीवर जन्मात एक स्टिकर चिकटवू दिला नाही. त्यांच्याशिवाय तिचं स्टिअरिंग कुणी धरलं नाही. सहा महिन्यांपूर्वी बाबा गेले, तेव्हापासून ती आईच्या घराखाली झाकून ठेवली होती. बापाची म्हणून तेवढीच एक वस्तू थोरल्याला हवी होती, आणि ती जशी होती तशीच हवी होती.

"घरच्यांनीच सांगितलंय," मेस्त्री म्हणाला.

"घरच्यांनी म्हणजे कुणी?"

"गिऱ्हाइकाचं नाव मी सांगत नसतो. न्यायला येतील तेव्हा बघा."

थोरला आईकडे वळला. साक्षीला असावी म्हणून तिला तो सोबत घेऊन आला होता. रस्ताभर तो रागानं गाडी हाणत होता आणि शेजारी आईचा उजवा पाय प्रत्येक वळणावर खाली दाबला जात होता. ही तिची जुनी खोड. बाबा तर वैतागायचे, "पाय गप ठेव गं, तू चालवतेस का मी?"

"आई, गाडी गेली तेव्हा तू कुठे होतीस?"

"घरातच."

"आणि तुला पत्ता नाही! झोपली असशील." तो पुन्हा मेस्त्रीवर घसरला. "काय काय करायला सांगितलंय त्या शहाण्यानं?"

"रंग पिवळा, लिंबासारखा. छपरावर पुढे चार गोल दिवे. दारांखाली बारक्या दिव्यांची रांग. मागे स्पॉयलर. आणि पेडलना लाकडी ठोकळे."

"ठोकळे कशाला?"

"पाय पोचत नाहीत म्हणाले."

झालं! थोरल्याला आणखी पुरावा नको होता. त्याच्या लेखी घरात बुटका एकच, धाकटा. लहानपणापासून त्याला असल्या झगमगाटाचं वेड. थोरल्यानं तिथल्या तिथे फोन लावला.

"लाज वाटते का रे? बापाच्या गाडीचा तमाशा मांडलास?"

"कसला तमाशा? मी नाही काही केलं!"

"चोर तो चोर, वर शिरजोर!" थोरल्यानं फोन आपटल्यासारखा खिशात कोंबला. धाकट्याशी संबंध संपला, असं त्यानं मेस्त्रीसमोरच जाहीर करून टाकलं. मेस्त्रीला त्याचं काय करायचं ते कळेना. त्यानं उगाच पाण्याची बादली सरकवली.

"आणि छपराला भोकं पाडलीस ती?"

"मी नाही पाडली. होतीच. लांबी भरून बुजवलेली होती, वर लाल रंग. चारही दिव्यांची भोकं तयार मिळाली. आणि हे बघा." मेस्त्रीनं दारावर बोट ठेवलं. "लालच्या खाली पिवळाच आहे."

आई टाचा उंचावून छपराकडे बघत होती.

"आधीच्या मालकाची थेरं," थोरला म्हणाला. "बाबा सांगायचे ना, कुणा उडाणटप्पूकडून घेतली म्हणून. जोकरची गाडी होती, त्यांनी तिला माणसांत आणली. हो ना गं आई?"

"सांगायचे खरं," आई म्हणाली.

"बंद कर हे काम. लाल रंग मार परत."

"अर्धवट सोललेली गाडी काय ठेवायची?" आई मधे पडली. "होऊ दे पुरी. न्यायला येईल तेव्हा काय ते समोरासमोर होऊ दे."

थोरल्याला ते पटलं. रंगेहाथ पकडू आणि मग दाखवू इंगा.

गाडी तयार झाल्याचा निरोप आला, तेव्हा तो धावतच पोचला. धाकटाही आला होता, तोही तावातावानं. त्याच्यावर नसतं किटाळ आलं होतं आणि त्याला ते झटकायचं होतं. दोघं फाटकाशीच एकमेकांवर गुरगुरायला लागले.

आत गाडी पिवळीधमक उभी होती. मेस्त्रीनं बटण दाबलं आणि छपरावरचे चारही दिवे लखकन पेटले. थोरल्याच्या डोळ्यांत रागानं पाणी आलं.

"बघ, बघ काय केलंस बाबांच्या गाडीचं!"

"अरे, मी नाही! आईशपथ मी नाही!"

तेवढ्यात आई रिक्षातून उतरली. दोघांकडे न बघता सरळ आत गेली आणि मेस्त्रीपुढे हात केला. मेस्त्रीनं किल्ली तिच्या हातावर ठेवली.

"ढकलून बाहेर काढून देऊ का?" त्यानं विचारलं. फाटक अरुंद, त्यात बाजूला दगडी खांब. त्या खांबानं बाबांचा आरसा दोनदा फोडला होता. तेव्हापासून मेस्त्री प्रत्येक गाडी ढकलूनच काढायचा.

"नको," आई म्हणाली.

तिनं सीट पुढे ओढली. ठोकळ्यांवर पाय ठेवले. मान मागे वळवून, एका हातानं स्टिअरिंग फिरवत, तिनं गाडी एका दमात उलटी बाहेर काढली. खांब आणि आरशात बोटभर जागा राहिली. मुलांसमोर येऊन गाडी थांबली. काच खाली झाली.

"आई," थोरला खिडकीशी वाकला, "ही... ही बाबांची गाडी..."

"कसली बाबांची?" आई कडाडली. हा आवाज दोघांनी आजवर ऐकला नव्हता. "त्यांना गाडी चालवायला शिकवलं मी, माझ्या ह्या गाडीवर. शिकून झाले, तसे दिवे उपटले, लाल रंग मारला आणि किल्ली स्वतःच्या खिशात घातली. आणि जन्मभर तुम्हाला सांगत राहिले, कुणा उडाणटप्पूकडून घेतली म्हणून."