बिनभिंतीचा जंतू

"पेनिसिलिनपुढे कुठल्याही जंतूची भिंत टिकत नाही!" अशी घोषणा जनावरांच्या डॉक्टरांनी सोमवारी काकूंच्या खुराड्यापुढे केली आणि आजारी कोंबड्यांसाठी त्याचा पुडा दिला. शनिवारी तपासणीचा अहवाल आला: कोंबड्यांच्या छातीत ठाण मांडलेल्या जंतूला अंगाभोवती भिंतच नव्हती, त्याने उघड्यावरच संसार थाटला होता. तोवर नऊ कोंबड्या गेल्या होत्या, उरलेल्या घरघरत होत्या. "काकू, आजच औषध बदला, नाहीतर सगळ्या जातील." "छे, डोस दुप्पट करते की! तुम्हीच म्हणालात ना, जालीम औषध आहे?" "अहो, भिंतच नाही तर पाडायचं काय?" डॉक्टरांनी तासभर घसा कोरडा केला, खुराड्याच्या दारावर खडूने बिनभिंतीचा जंतू काढला, शेवटी हात जोडले. काकूंनी नाइलाजाने नवी बाटली घेतली. पेनिसिलिनचा उरलेला पुडा मात्र मुठीतून सोडला नाही. "डॉक्टर, एवढा राहू द्या ना," त्या हळूच म्हणाल्या, "आमच्या ह्यांनाही खोकला झालाय."