कचेरीखालचा खोकला

"खोटं बोलता, साहेब! माझा नवरा तुमच्या पायाखाली खोकतोय," कुसाबाई भर रस्त्यात ओरडली. आणीबाणीत विडी कामगारांचा संप केला म्हणून त्याला पोलिसांनी उचललं होतं. गोदाकाठच्या पोलीस कचेरीखाली जुनं भुयार आहे, असं अख्खं नाशिक कुजबुजायचं. साहेब मात्र म्हणायचे, "भुयारही नाही आणि तुझा नवराही आमच्याकडं नाही." काल जमिनीलगतच्या झरोक्यातून तिनं त्याचा तंबाखूनं खरवडलेला खोकला ओळखला, आणि आज झरोका बुजवायला गवंडी आला. त्यानं शेवटची वीट उचलताच तिनं ती हिसकावून छातीशी धरली. "द्या मावशी, मलाही पोरंबाळं आहेत," तो हळूच म्हणाला. साहेब खवळले. "गप घरी जा, नाहीतर तुलाही खाली टाकीन!" गवंड्याची थापी हातातच थांबली. कुसाबाईनं वीट सोडली नाही. "टाका की," ती म्हणाली, "पण खाली जायचं दार कुठंय? सांगा!"